परगांवचे पाहुणे आणि बंदोबस्त

शनिवारची दुपार. उत्तर इंग्लंडमधील एखाद्या मध्यम शहराचें रेल्वे स्टेशन. गाडी फलाटास लागते आणि तींतून तीन-चारशें माणसें एकदमच खालीं उतरतात. सर्वांच्या गळ्यांत एकाच रंगाचे लोकरी पट्टे, सर्वांच्या तोंडीं एकच गाणें. त्यांच्या स्वागतास फलाटावर कोणी आप्त आलेला नसतो. असतात ते घोड्यांवर बसलेले पोलिस आणि साखळीला ओढ देणारे कुत्रे. दोहों बाजूंस पहारा ठेवून या माणसांना रांगेनें मैदानापर्यंत चालवीत नेण्यांत येतें. वाटेंत थांबण्याची, चहा घेण्याची किंवा रस्ता बदलण्याची मुभा नसते. सामना संपल्यावर यजमान शहराचे लोक घरोघर पोंचेपर्यंत त्यांना मैदानांतच थोपवून धरतात, आणि मग त्याच रांगेनें परत आणून गाडींत बसवून देतात. विसाव्या शतकाच्या आठव्या आणि नवव्या दशकांत हें दृश्य नित्याचें होतें. जोखमीच्या समजल्या गेलेल्या सामन्यांच्या दिवशीं तें आजही पाहावयास मिळतें. या रांगेंत कोणी गवंडी असतो, कोणी शिक्षक, कोणी कारकून, तर कोणी मुलाचें बोट धरून आलेला बाप. आपल्या गांवचा फुटबॉलचा संघ दुसऱ्या गांवीं खेळावयास गेला, म्हणून तेही त्याच्या पाठोपाठ गेले, इतकाच त्यांचा गुन्हा.

श्रोत्यांपैकीं ज्यांनीं कोल्हापुरांतील तालमींचे फुटबॉलचे सामने पाहिले असतील, त्यांना संघाच्या मागें अख्खी पेठ कशी लोटते आणि प्रसंगीं हातघाईवरही कशी येते, हें सांगावयास नको. पेठेपेठेंतील हीच ईर्ष्या शहराशहरांत पसरली आणि तिला आगगाडीचीं चाकें लागलीं, म्हणजे जो प्रश्न उभा राहतो, तो इंग्लंडनें कित्येक पिढ्या अनुभवला आहे. हुल्लडबाजांना आवरावें कसें, एवढाच तो प्रश्न नाहीं. दहा हुल्लडबाजांच्या भयानें हजार निरपराध पाहुण्यांना कसें वागवावें, हा त्याचा दुसरा आणि अधिक अवघड भाग होय. पहिल्या भागावर सारें लक्ष खिळलें आणि दुसऱ्याचा विसर पडला, म्हणजे काय होतें, याची किंमत माणसांच्या प्राणांनीं मोजली गेली आहे. म्हणून ही हकीकत केवळ खेळाची नाहीं. समाजानें जमावाकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें, याची ती हकीकत आहे.

इंग्रजींतील ‘हूलिगन’ हा शब्द १८९८ सालच्या उन्हाळ्यांत लंडनच्या वृत्तपत्रांतून एकाएकीं रूढ झाला. त्या वेळीं तो रस्त्यांवरील उनाड टोळ्यांना उद्देशून योजला जात असे. फुटबॉलशीं त्याची सोयरीक पुढें पुष्कळ वर्षांनीं जमली. सामन्यांस त्या काळींही अफाट गर्दी होई, पण ती पोलिसांना शत्रूसारखी वाटत नसे. १९२३ सालीं २८ एप्रिल रोजीं लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर पहिला अंतिम सामना झाला, तेव्हां अधिकृत मोजणीप्रमाणें १,२६,०४७ प्रेक्षक आंत आले होते, आणि प्रत्यक्ष संख्या त्याहून कितीतरी अधिक होती. लोक खेळाच्या जागेपर्यंत पसरले. जॉर्ज स्कोरी नांवाचा एक घोडेस्वार शिपाई आपल्या ‘बिली’ या पांढुरक्या घोड्यास हळूहळू पुढें घालीत, लोकांशीं शांतपणें बोलत, त्यांना सीमेबाहेर सरकवूं लागला. त्याच्यासारखे इतरही पोलिस खपत होते. पण लोकांच्या स्मरणांत राहिला तो पांढरा घोडाच. सामना पाऊण तास उशिरां सुरूं झाला. परंतु तो झाला, आणि त्या महासागरांत एकही प्राण गेला नाहीं. त्या शिपायाजवळ ढाल नव्हती, अश्रुधूर नव्हता. समोरचा माणूस सांगितलेलें ऐकेल, हा विश्वास मात्र होता.

तथापि गर्दी ही निरुपद्रवी वस्तु आहे, असा याचा अर्थ नव्हे. १९४६ सालीं ९ मार्च रोजीं बोल्टन येथील मैदानांत रेटारेटी होऊन ३३ माणसें मेलीं. १९७१ सालीं २ जानेवारीस ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या एका जिन्यावर ६६ जण चिरडले गेले. या दोन्ही प्रसंगीं कोणी कोणावर हात उगारला नव्हता. येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावयास हवा. मैदानावर धोके दोन प्रकारचे असतात. एक मारामारीचा, तो थोड्या माणसांच्या दुष्ट हेतूंतून उत्पन्न होतो. दुसरा चेंगराचेंगरीचा, त्यास कोणाचाही हेतु लागत नाहीं. अरुंद वाट, बंद दार आणि मागून येणारा लोंढा, एवढी सामग्री त्याला पुरते. हे दोन रोग परस्परांहून भिन्न आहेत, इतकेंच नव्हे, तर एकाचें औषध दुसऱ्याचें विष ठरूं शकतें. मारामारी थांबविण्यासाठीं कुंपण घालावें, तर तेंच कुंपण चेंगराचेंगरीच्या वेळीं सुटकेची वाट अडवितें. पुढील सारा इतिहास या एका वाक्यांत सामावलेला आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडांत मजुरी वाढली, रुंद मोटाररस्ते झाले, आणि खास फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठीं स्वस्त भाड्याच्या आगगाड्या सुटूं लागल्या. पूर्वीं आपल्या संघाबरोबर परगांवीं जाणें थोड्यांनाच परवडत असे. आतां तरुण पोरें वडीलधाऱ्यांवांचून शेंकड्यांनीं जाऊं लागलीं. मैदानांत गोलाच्या मागें उभें राहण्याच्या ज्या उतरत्या पायऱ्या असत, तेथें यजमान संघाचे कट्टर अभिमानी जमत. पाहुण्यांनीं सामन्यापूर्वीं ती जागा बळकावावी आणि यजमानांनीं त्यांना हुसकून लावावें, असा एक खेळाबाहेरचा खेळ सुरूं झाला. किल्ला सर करावा तशी ती जागा सर केली जाई. त्यांतून मग बाटल्या, नाणीं आणि दगड फेंकणें आलें, गाड्यांतील बांकें मोडणें आलें, आणि शेवटीं सुरेही आले. १९७४ सालीं ब्लॅकपूलच्या मैदानांत एका किशोरवयीन प्रेक्षकाचा भोसकून खून झाला. १९७५ सालीं लीड्सच्या लोकांनीं पॅरिसमध्यें अंतिम सामन्याच्या वेळीं धुडगूस घातला आणि त्या क्लबास युरोपीय स्पर्धांतून कांहीं काळ वगळण्यांत आलें. १९८५ सालीं १३ मार्च रोजीं लूटन येथें पाहुण्या मिलवॉल संघाच्या अनुयायांनीं बैठकी उपटून पोलिसांवर भिरकावल्या. पुढें लूटन क्लबनें परगांवच्या प्रेक्षकांना चार हंगाम दारच बंद केलें, आणि त्यापायीं एका स्पर्धेंतून स्वतः बाद होणेंही पत्करलें.

त्याच वर्षीं २९ मे रोजीं ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानांत कळस झाला. लिव्हरपूल आणि इटलीचा युव्हेंटस यांच्यांतील अंतिम सामन्यापूर्वीं लिव्हरपूलचा एक जमाव शेजारच्या भागांतील लोकांवर धांवून गेला; पळणारे लोक एका भिंतीपाशीं दबले, भिंत कोसळली, आणि ३९ जण मेले. त्यांतील बहुतेक इटालियन होते. मैदान जुनाट व मोडकळीस आलेलें होतें आणि दोन बाजूंच्या मधील अडसर दुबळा होता, हें खरें. पण त्यामुळें धांवून जाणाऱ्यांचा दोष कमी होत नाहीं. लिव्हरपूलच्या १४ जणांस मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली. बंदोबस्तावरील एक बेल्जियन पोलिस अधिकारीही दोषी ठरला. इंग्लंडचे सर्व क्लब पांच वर्षें युरोपीय स्पर्धांतून बहिष्कृत झाले, लिव्हरपूल सहा. हुल्लडबाजी ही वृत्तपत्रांनीं रचलेली कथा होती, असें जे म्हणतात, त्यांनीं हे ३९ मृतदेह आठवावेत.

या अनुभवानंतर सरकारनें आणि क्लबांनीं जे उपाय योजले, त्यांमागील भीति म्हणूनच समजण्यासारखी आहे. १९८५ च्या कायद्यानें सामन्यास जाणाऱ्या बसगाड्यांतून आणि खास आगगाड्यांतून दारू नेण्यास बंदी झाली. १९८६ च्या कायद्यानें शिक्षा झालेल्या दंगेखोरांस मैदानाबाहेर ठेवण्याचा अधिकार न्यायालयांस मिळाला. पायऱ्यांचे कठडे घालून लहान लहान कोंडवाडे करण्यांत आले आणि पुढच्या बाजूस उंच जाळीचीं कुंपणें उभीं राहिलीं. लंडनच्या चेल्सी क्लबनें तर १९८५ सालीं कुंपणांत वीज सोडण्याची तयारी केली. स्थानिक सरकारनें परवानगी नाकारल्यामुळें ती सोडली गेली नाहीं. गुरांसाठीं जें योजतात तें माणसांसाठीं योजावें, असें एखाद्या व्यवस्थापकाच्या मनांत येऊं शकलें, यावरून त्या काळची मनोवृत्ति कळून येते. परगांवचा प्रेक्षक म्हणजे पाहुणा किंवा गिऱ्हाईक हें विसरलें गेलें. तो कोंडून ठेवण्याजोगा पदार्थ ठरला. एकदां ही दृष्टि पक्की झाली, म्हणजे समोरच्या माणसाची आरोळी मदतीसाठीं आहे कीं दंग्यासाठीं, हेंही ओळखूं येईनासें होतें.

तें ओळखूं न आल्याचा दिवस म्हणजे १९८९ सालचा १५ एप्रिल. शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा उपांत्य सामना होता. मैदान तिसऱ्याच क्लबाचें; म्हणजे दोन्ही बाजूंचे प्रेक्षक परगांवचे. लिव्हरपूलच्या ज्या १०,१०० लोकांपाशीं उभें राहण्याचीं तिकिटें होतीं, त्यांच्यासाठीं लेपिंग्ज लेनच्या बाजूस एकेक माणूस आंत सोडणारे फिरते दरवाजे अवघे सात होते. सामना तीन वाजतां सुरूं व्हावयाचा. अडीच वाजून गेल्यावर बाहेरची दाटी असह्य झाली. दोन वाजून ५२ मिनिटांनीं, बाहेर कोणी चिरडूं नये म्हणून, पोलिसांच्या आज्ञेनें बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा उघडण्यांत आला आणि सुमारें दोन हजार लोक आंत आले. समोरच एक बोगदा होता आणि तो थेट मधल्या दोन कोंडवाड्यांत उतरत होता. ते आधींच तुडुंब भरलेले होते. दोहों बाजूंच्या कोंडवाड्यांत मात्र जागा मोकळी होती. बोगद्याचें तोंड बंद करून लोकांना बाजूस वळविण्यास दोन शिपाई पुरले असते. तेथें कोणीही उभें नव्हतें.

पुढच्या बाजूस असलेले लोक जाळीवर दाबले जाऊं लागले. जाळींतील लहान दारें बंद होतीं. कांहीं लोक जाळी चढून मैदानांत उतरूं लागले, तेव्हां तो मैदानावर चाल करण्याचा प्रयत्न आहे असें प्रथम समजण्यांत आलें. सामना सुरूं होऊन सहा मिनिटें होतां होतां तो थांबविण्यांत आला. त्या जागीं झालेल्या इजांनीं एकंदर ९७ माणसें मरण पावलीं. त्यांतील शेवटचा मृत्यु ३२ वर्षांनंतर, २०२१ सालीं झाला. सर्वांत लहान मृत मुलाचें वय दहा वर्षांचें होतें. कुंपण मारामारीसाठीं उभारलेलें होतें. मारामारी झालीच नाहीं, आणि त्या कुंपणानें आपलें दुसरें काम केलें.

याहूनही दुःखद भाग पुढेंच आहे. बंदोबस्ताच्या मुख्य अधिकाऱ्यानें त्याच दुपारीं असें सांगितलें कीं, प्रेक्षकांनीं दरवाजा बळजबरीनें उघडला. तें खोटें होतें, आणि त्यानें तें २०१५ सालीं न्यायासनापुढें कबूल केलें. मधल्या काळांत मात्र ती कथा जगभर गेली. चार दिवसांनीं लंडनच्या एका मोठ्या खपाच्या दैनिकानें, प्रेक्षकांनीं मृतांचे खिसे कापले, अशा आशयाचा मजकूर पहिल्या पानावर छापला. हायसेलची आठवण ताजी होती, आणि गांवही तेंच होतें. त्यामुळें लोकांना तें खरें वाटलें. वास्तविक न्यायमूर्ति टेलर यांनीं १९८९ च्या ऑगस्टमध्येंच आपल्या पहिल्या अहवालांत, पोलिसांची व्यवस्था कोलमडणें हें आपत्तीचें मुख्य कारण होय, असा निर्णय दिला होता. परंतु एकदां चिकटलेला कलंक अहवालानें धुऊन निघत नाहीं. मृतांच्या आईबापांनीं आणि भावंडांनीं पिच्छा सोडला नाहीं, म्हणून २०१२ सालीं एका स्वतंत्र मंडळानें सारे कागद तपासले. पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार केलेले सांपडले. त्यांपैकीं ११६ ठिकाणीं पोलिसांना अडचणीचा मजकूर काढलेला किंवा बदललेला होता. २०१६ सालीं २६ एप्रिल रोजीं मृत्युचौकशीच्या पंचांनीं, हीं माणसें बेकायदेशीर कृतीनें मारलीं गेलीं आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यांत कांहींही दोष नव्हता, असा निकाल दिला. त्या मुख्य अधिकाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला झाला आणि २०१९ सालीं तो निर्दोष सुटला. सत्तावीस वर्षें लढून लोकांच्या हातीं जें पडलें तें एवढेंच कीं, आपलीं माणसें गुंड नव्हतीं.

टेलर यांच्या अंतिम अहवालानें, १९९० च्या जानेवारींत, इंग्लंडांतील मैदानांचें रूप पालटलें. कुंपणें निघालीं. वरच्या दोन श्रेणींतील क्लबांच्या मैदानांत १९९४ पर्यंत प्रत्येकास बसावयास जागा असावी असें ठरलें. प्रत्येक प्रेक्षकास ओळखपत्र देण्याची जी सरकारी योजना होती, ती टेलर यांनीं नापसंत केल्यामुळें मागें पडली. क्लबांनीं नेमलेले ‘स्ट्युअर्ड’ मैदानाच्या आंतील व्यवस्था पाहूं लागले, आणि पोलिसांच्या बरोबरीनें चलच्चित्रांचे यांत्रिक डोळे पहारा करूं लागले. उभें राहून सामना पाहण्याची मोकळीक, सुरक्षित कठडे असलेल्या जागांपुरती, २०२२ सालापासून पुन्हां देण्यांत आली.

परंतु विटा आणि लोखंड बदलणें सोपें असतें; जमावाविषयींची कल्पना बदलणें कठीण. १८९५ सालीं फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल बॉं यानें असें मत मांडलें कीं, जमावांत शिरलेल्या माणसाचा विवेक लोपतो आणि तो एका रानटी सामुदायिक मनाचा दास होतो. पोलिसांच्या अनेक पिढ्यांनीं हें मत, वाचून वा न वाचतां, प्रमाण मानलें. स्टीफन रायकर आणि क्लिफर्ड स्टॉट यांच्यासारख्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनीं मात्र प्रत्यक्ष जमावांत जाऊन पाहिलें, तेव्हां त्यांना निराळेंच आढळलें. जमावांत माणूस आपलें भान गमावीत नाहीं. ‘मी कोण’ या प्रश्नाचें उत्तर तेवढें बदलतो. घरीं तो बाप किंवा कारकून असतो, येथें तो आपल्या गांवचा प्रतिनिधि होतो, आणि त्या गांवाला शोभेल तेंच करूं पाहतो. अशा जमावांत भांडखोर थोडे असतात. बाकीचे त्यांना एरवीं थाराही देत नाहींत. पण पोलिसांनीं सर्वांना एकाच काठीनें हांकलें, म्हणजे निरपराध माणसाला वाटतें, हा अन्याय आपणां सर्वांवर आहे. काल ज्याला तो टाळीत होता, तो भांडखोर आज त्याला आपला कैवारी भासतो. जो जमाव अनेक मनांचा होता, तो एका मनाचा होतो. आणि त्याला एका मनाचा करणारे पोलिसच असतात.

हें तत्त्व कसोटीला लागलें तें २००४ सालीं पोर्तुगालमध्यें. चार वर्षांपूर्वीं बेल्जियममधील शार्लरवा येथें इंग्लंडच्या प्रेक्षकांनीं दंगा केला होता आणि शेंकडों लोकांची धरपकड झाली होती. त्यामुळें पोर्तुगालला धास्ती वाटणें स्वाभाविक होतें. तेथील शहरी पोलिसांनीं या संशोधकांचा सल्ला मानला. साध्या गणवेशांतील शिपाई दोघे-दोघे मिळून चौकांत हिंडले, पाहुण्यांशीं बोलले, त्यांना रस्ते दाखविले. शिरस्त्राणें आणि ढाली घेतलेल्या तुकड्या जवळच, पण दृष्टीआड ठेवल्या होत्या. कोणी मर्यादा ओलांडली तर त्याच माणसापुरती कारवाई होई. ज्या शहरांत सामने झाले तेथें इंग्लंडच्या हजारों लोकांकडून मोठा दंगा झाला नाहीं. दंगे झाले ते अल्बुफेरा या समुद्रकांठच्या गांवीं. तेथें सामने नव्हते, आणि बंदोबस्त दुसऱ्याच दलाकडे होता, ज्यानें ही पद्धत स्वीकारलेली नव्हती. पाहुणे तेच, देश तोच, मद्यही तेंच. भेद होता तो यजमानांच्या रीतींत. जर्मनींत १९८१ सालीं ब्रेमेन येथें आरंभ झालेली चळवळ याच मार्गाची आहे. तेथें समाजसेवक तरुण प्रेक्षकांबरोबर वर्षभर राहतात, परगांवच्या प्रवासांतही बरोबर जातात, आणि तंटा पेटण्याआधीं दोहों बाजूंशीं बोलूं शकतात.

याचा अर्थ कायद्याला धारच नसावी, असा मात्र नव्हे. ब्रिटनमध्यें २००० सालच्या कायद्यानें, पूर्वीं दंगा केल्याचें दिसून आलेल्या माणसास, त्या प्रकरणीं शिक्षा झालेली नसतांही, कांहीं वर्षें मैदानाबाहेर ठेवण्याचा आणि परदेशांतील सामन्यांच्या वेळीं त्याचा पासपोर्ट जमा करून घेण्याचा हुकूम न्यायाधीश देऊं शकतो. शिक्षेवांचून स्वातंत्र्य कां हिरावावें, असा आक्षेप त्यावर आला. २००२ सालीं अपील न्यायालयानें कायदा योग्य ठरविला. त्याच्या बाजूनें एवढें म्हणतां येईल कीं, तो निदान माणूस निवडतो, अख्खी गाडी नव्हे.

अख्खी गाडी निवडली म्हणजे काय होतें, याचा नमुना २००८ सालच्या नोव्हेंबरांत दिसला. स्टोक शहराचे ऐंशींहून अधिक प्रेक्षक मँचेस्टरच्या सामन्यास जातांना वाटेंतील एका मद्यगृहांत बसले होते. त्यांनीं कोणताही दंगा केलेला नव्हता. मद्यपानांतून होणारे तंटे रोखण्यासाठीं केलेल्या एका कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनीं त्यांना अडकवून ठेवलें, बसगाड्यांत भरलें, आणि सामना न पाहतांच स्टोकला परत पाठविलें. पुढें पोलिसांना नुकसानभरपाई द्यावी लागली. नेदरलंड्समध्यें कांहीं सामन्यांस पाहुण्यांना तिकीट हवें असेल, तर नेमून दिलेल्या वाहनांतूनच यावें लागतें. अर्जेंटिनानें तर २०१३ पासून बहुतेक सामन्यांस पाहुण्या प्रेक्षकांनाच बंदी घातली. पाहुणाच नसला म्हणजे तंटा नाहीं, असा हा हिशेब. पण तो हिशेब चुकतो, हें इंडोनेशियानें दाखविलें. तेथें मलंग येथील कांजुरुहान मैदानावर २०२२ सालीं १ ऑक्टोबर रोजीं पाहुण्या संघाच्या अनुयायांना येऊंच दिलेलें नव्हतें. यजमान संघ हरला, कांहीं लोक मैदानांत उतरले, आणि पोलिसांनीं प्रेक्षकांनीं भरलेल्या सज्ज्यांवर अश्रुधूर सोडला. भेदरलेले लोक बाहेरच्या दारांकडे धांवले आणि तेथें दाटून गुदमरले. १३५ माणसें मेलीं. मैदानांत अश्रुधूर वापरूं नये, असा जागतिक फुटबॉल संघटनेचा नियम त्यापूर्वींपासूनच होता.

त्याच वर्षीं २८ मे रोजीं पॅरिसमध्यें लिव्हरपूलच्या लोकांनीं हिल्सबरोची छाया पुन्हां पाहिली. अंतिम सामन्यास आलेल्या हजारों प्रेक्षकांना एका अरुंद वाटेनें तिकिट-तपासणीकडे वळविण्यांत आलें. दरवाजे बंद झाले. स्त्रिया व मुलें रांगेंत असतांना त्यांवर अश्रुधूर सोडण्यांत आला. सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरां सुरूं झाला. तीस ते चाळीस हजार लोक खोट्या तिकिटांवर किंवा तिकिटांवांचून आले होते, असें फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनीं सांगितलें. दरवाजांवर प्रत्यक्ष सांपडलेल्या खोट्या तिकिटांची संख्या तीन हजारांहूनही कमी भरली. स्वतंत्र चौकशी समितीनें २०२३ च्या फेब्रुवारींत मुख्य जबाबदारी युरोपीय फुटबॉल संघटनेवर ठेवली, आणि पोलिसांनीं पाहुण्यांकडे दंगेखोर म्हणून पाहिलें यावर ठपका ठेवला. त्या दिवशीं कोणी मेलें नाहीं. त्याचें बरेंचसें श्रेय प्रेक्षकांच्या धीरास आहे. रांगेंतील कित्येकांना हिल्सबरो ठाऊक होतें. मागें ढकलूं नये, लहानांना मध्यें घ्यावें, हें त्यांना कोणीं शिकवावें लागलें नाहीं.

हा सारा विषय सातासमुद्रांपलीकडचा आहे, असें मानण्याचें कारण नाहीं. १९८० सालीं १६ ऑगस्ट रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बेंगॉल यांच्या सामन्यांत दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकमेकांवर तुटून पडले आणि १६ जण मृत्युमुखीं पडले. त्या दिवसाचें स्मरण तेथें रक्तदान करून पाळण्यांत येतें. त्याच शहरांत २०२४ सालच्या ऑगस्टमध्यें एका रुग्णालयांतील तरुण डॉक्टर स्त्रीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, आणि शहर पेटून उठलें. बंदोबस्तास माणसें नाहींत म्हणून या दोन संघांचा सामना रद्द झाला. तेव्हां १८ ऑगस्ट रोजीं दोन्ही संघांचे अभिमानी, एकमेकांचीं निशाणें शेजारीं धरून, मैदानाबाहेर निषेधासाठीं एकत्र जमले. त्यांच्यावर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीं ज्यांच्या वडिलांनीं एकमेकांवर हात उगारले, त्यांचीं मुलें खांद्यास खांदा लावून उभीं होतीं. जमाव म्हणजे ठरलेल्या स्वभावाचें एखादें जनावर नव्हे, याहून अधिक स्पष्ट पुरावा कोणता हवा?

युरोपच्या राष्ट्रसंघटनेनें २०१६ सालीं क्रीडाप्रेक्षकांविषयींचा नवा करार केला. हायसेलनंतर झालेल्या १९८५ च्या जुन्या कराराचें नांवच ‘प्रेक्षकांची हिंसा’ या शब्दांनीं आरंभ होत होतें. नव्या करारानें सुरक्षितता, बंदोबस्त आणि सेवा हे तीन शब्द एका ओळींत बसविले. इंग्लंडच्या अव्वल श्रेणींतील क्लबांनींही २०१६-१७ च्या हंगामापासून परगांवच्या प्रेक्षकाच्या तिकिटास ३० पौंडांची कमाल मर्यादा घातली. २०२० सालच्या महामारींत रिकाम्या मैदानांवर सामने झाले, तेव्हां एका कोपऱ्यांतून उठणारें तें परक्या गांवचें गाणें नसलें म्हणजे खेळ किती मुका होतो, हें सर्वांना कळून चुकलेंच.

बंदोबस्त हवाच. हायसेलचे ३९ जण त्याच्या अभावीं गेले. पण हिल्सबरोचे ९७ जण बंदोबस्त असतांना गेले, आणि तेथें उणीव संख्येची नव्हती, दृष्टीची होती. घोड्यावरील त्या एका शिपायानें १९२३ सालीं जें जाणलें होतें, तेंच इतक्या मृत्यूंनंतर पुन्हां शिकावें लागत आहे: समोर उभा आहे तो प्रथम माणूस, मग पाहुणा, आणि पुराव्यानिशीं सिद्ध झालाच तर शेवटीं गुंड. हा क्रम उलटा झाला, म्हणजे दारें चुकीच्या वेळीं बंद होतात.